दोन भाषांच्या सांध्यावर डिबगरची परीक्षा

डिबगरचं काम सांगायला सोपं आहे. चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवायचा, कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते दाखवायचं, कोणी कोणाला हाक मारत इथवर पोचलो तो माग सांगायचा आणि मग एकेक पाऊल पुढे न्यायचं. प्रोग्रॅम एकाच भाषेतला असेल तर आजचे डिबगर हे बऱ्यापैकी चोख करतात. पण मोठे प्रोग्रॅम एका भाषेचे क्वचितच असतात. पायथनमध्ये एका ओळीत समीकरणं सोडवायला सांगितली की हाक नमपाय या गणिती लायब्ररीच्या सी कोडमध्ये उतरते आणि तिथून फोरट्रानमध्ये लिहिलेल्या लॅपॅक या जुन्या लायब्ररीपर्यंत जाऊ शकते. अँड्रॉइडच्या काही ॲपमध्ये वरचा मजला कोटलिनचा आणि खालचा सी++चा असतो. जुन्या सी प्रकल्पांमध्ये नवे भाग रस्टमध्ये लिहिले जातायत.

अशा मिश्र प्रोग्रॅमवर डिबगर चुकतो तो सहसा एका भाषेच्या आत नव्हे, तर एक भाषा संपून दुसरी सुरू होते तिथे. म्हणून त्याची चाचणीही त्या सांध्यावरच रोखलेली हवी. चुकण्याचेही प्रकार असतात. डिबगर स्वतःच कोसळला तर ते परवडलं, निदान कळतं तरी. खरा धोका म्हणजे तो शांतपणे, छान मांडणी करून चुकीची किंमत दाखवतो तेव्हा. समोरचा माणूस त्या किमतीवर विश्वास ठेवून दोन दिवस भलतीकडेच बग शोधत बसतो.

डिबगरला भाषा कळते कशी

मशीनला भाषा ठाऊक नसते. कंपाइल झाल्यावर उरतात त्या नुसत्या सूचना आणि मेमरीतले बाइट. 'या पत्त्यावरचे आठ बाइट म्हणजे अमुक नावाची अपूर्णांकी संख्या' हे डिबगरला समजतं ते कंपायलरने फाइलमध्ये मागे ठेवलेल्या नोंदींवरून. लिनक्स आणि मॅकवर या नोंदींचा ठरलेला आराखडा म्हणजे ड्वार्फ. त्याची पाचवी आवृत्ती 2017 मध्ये आली. कंपाइल झालेल्या प्रत्येक सोर्स फाइलमागे त्यात एक मुख्य नोंद असते आणि तिच्यात भाषेचा क्रमांक लिहिलेला असतो: सी++साठी 4, फोरट्रान-90साठी 8, रस्टसाठी 28.

आता फ्रेम म्हणजे काय तेही सांगून टाकतो, कारण पुढे तो शब्द सारखा येणार. एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारली की स्टॅकवर, म्हणजे हाकांचा हिशेब ठेवणाऱ्या मेमरीत, नव्या हाकेसाठी जागा राखली जाते, तिथे तिची व्हेरिएबलं आणि परत कुठे जायचं तो पत्ता राहतो. ती जागा म्हणजे फ्रेम. डिबगरमध्ये आपण या फ्रेम्सच्या शिडीवर वर-खाली जाऊ शकतो. जीडीबी हा लिनक्सवरचा नेहमीचा डिबगर मुळात 'भाषा आपोआप ठरव' याच स्थितीत असतो, म्हणजे आपण ज्या फ्रेमवर उभे आहोत तिच्या फाइलचा भाषा-क्रमांक पाहून तो स्वतःची बोली बदलतो.

बोली बदलते म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणात पाहू. समजा प्रोग्रॅम पास्कल आणि सी यांचा मिळून आहे. पास्कलच्या फ्रेमवर उभं राहून तुम्ही डिबगरला विचारलंत, 'प्रिंट एक्स = 5'. पास्कलमध्ये एकटं बरोबरचं चिन्ह तुलनेचं असतं, त्यामुळे उत्तर येतं खरं किंवा खोटं. आता एक फ्रेम वर, सीमध्ये जा आणि अक्षरन् अक्षर तेच टाइप करा. सीमध्ये ते चिन्ह किंमत भरण्याचं असतं. डिबगर एक्समध्ये 5 भरतो, पडद्यावर 5 छापतो आणि तुमचा प्रोग्रॅम त्या क्षणापासून बदललेला असतो. डिबगरची यात काहीच चूक नाही, फ्रेमच्या भाषेप्रमाणे तो वागला. पण फ्रेम बदलल्यावर बोली बदलायचं तो विसरला, तर पास्कलच्या फ्रेमवरचा साधा प्रश्नही चालत्या प्रोग्रॅममध्ये ढवळाढवळ करून बसेल. म्हणून इथली चाचणी नुसतं उत्तर पाहून थांबत नाही. प्रश्न विचारल्यावर एक्सची किंमत आधी होती तीच आहे ना, हेही तपासावं लागतं.

अक्षरांच्या लहान-मोठेपणाचंही असंच. फोरट्रानला 'टोटल' मोठ्या अक्षरांत लिहा की लहान, सारखंच. सीमध्ये ती दोन वेगळी नावं असू शकतात. एकाच प्रोग्रॅममध्ये फोरट्रान बाजूला एक आणि सी बाजूला दोन, अशी तीन नावं मुद्दाम ठेवून प्रत्येक फ्रेमवर विचारायचं, की सांग यातलं कुठलं?

शिडी उभी करायची

या चाचण्यांचा सर्वांत उपयोगी साचा म्हणजे हाकांची एक शिडी. जीडीबीच्या स्वतःच्या चाचणीसंचात अशी एक चाचणी आहे: फोरट्रान, सी आणि सी++ची फंक्शनं एकमेकांना आळीपाळीने हाक मारत खाली जातात, तळाशी ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) असतो आणि तिथून डिबगरला पूर्ण स्टॅक छापायला सांगतात. मग एकेक फ्रेम वर चढत प्रत्येक ठिकाणी भाषा बरोबर ओळखली का आणि आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिलेल्या किमती, त्या भाषेच्या रीतीने छापली का, ते पाहतात. संमिश्र संख्या हा यातला गमतीचा नमुना. चार आणि पाच या भागांची तीच संख्या फोरट्रानच्या फ्रेममध्ये (4,5) अशी दिसायला हवी आणि सीच्या फ्रेममध्ये 4 + 5आय अशी. संपूर्ण स्टॅक एका दमात छापताना डिबगरला ही बोली ओळीगणिक बदलावी लागते, आणि गडबड व्हायची तर इथेच होते.

शिडीत एक पायरी मुद्दाम आंधळी ठेवावी, म्हणजे त्या फाइलच्या ड्वार्फ नोंदी काढूनच टाकलेल्या. खऱ्या आयुष्यात मधे कुठलीतरी नोंदी नसलेली लायब्ररी असतेच. अशा फ्रेमवर भाषा-क्रमांक मिळत नाही, त्यामुळे आधीचीच बोली पुढे चालू राहते. आंधळ्या पायरीवर वरून आलात तर एक बोली, खालून आलात तर दुसरी. हे वागणं ठीक आहे का यावर दुमत होऊ शकतं, पण ते कधी आणि कसं होतं हे चाचणीत नोंदलेलं असायलाच हवं. बरेच चाचणीसंच इथे कमी पडतात असं माझं मत आहे. त्यांच्या सगळ्या पायऱ्या उजेडातल्या असतात.

चाचणीत घालायच्या किमतींकडे तर लोक फारच कमी लक्ष देतात. फोरट्रानमधलं दोन ओळी, तीन स्तंभांचं कोष्टक घ्या. मेमरीत 1, 2, 3, 4, 5, 6 असे ओळीने बाइट आहेत. फोरट्रान स्तंभ-स्तंभ भरत जातो आणि मोजणी 1 पासून करतो, म्हणून पहिल्या ओळीतला दुसरा घटक, ए(1,2), हा 3 असतो. हीच मेमरी सीने दोन ओळी, तीन स्तंभ म्हणून घेतली तर सी ओळ-ओळ वाचतो आणि मोजणी 0 पासून करतो; तिथे पहिल्या ओळीतला दुसरा घटक येतो 2. आता कल्पना करा, चाचणी लिहिणाऱ्याने कोष्टकात सगळीकडे 0 भरलंय, किंवा कर्णावर 1 आणि बाकी 0 असलेलं चौरस कोष्टक घेतलंय. डिबगरने ओळी-स्तंभांची अदलाबदल केली तरी चाचणी हसत पास होईल! नियम असा की प्रत्येक घरात वेगळी किंमत, कोष्टक चौरस नको आणि खालची मर्यादाही एखाद्या ठिकाणी नेहमीची सोडून वेगळी, उदाहरणार्थ उणे 2 पासून सुरू होणारी. फोरट्रान ते चालवून घेतो.

अक्षरमाळांची तऱ्हा याहून वाईट. सीमध्ये मजकुराच्या शेवटी शून्य बाइट असतो. फोरट्रानमध्ये लांबी ठरलेली असते आणि उरलेली जागा रिकाम्या जागांनी भरतात. शिवाय मजकूर आर्ग्युमेंट म्हणून पाठवला की जीफोरट्रान हा फोरट्रानचा कंपायलर त्याची लांबी एका छुप्या आर्ग्युमेंटमधून शेवटी पाठवतो. रस्टमध्ये पत्ता आणि लांबी अशी जोडी असते, शेवटी शून्य नसतंच. डिबगरने रस्टचा मजकूर सीच्या पद्धतीने वाचला तर तो शून्य सापडेपर्यंत वाचतच जाईल आणि शेजारी ठेवलेले दुसरे मजकूरही याच्यात चिकटवून दाखवेल. चाचणीत एकच मजकूर असेल आणि त्याच्यामागे योगायोगाने शून्य असेल, तर ही चूक लपून जाते. म्हणून दोन मजकूर लागोपाठ ठेवायचे आणि पहिला विचारायचा.

खरं-खोटंसारखी साधी गोष्टही सगळीकडे सारखी नाही. सीच्या खऱ्या-खोट्याच्या प्रकाराचा आकार सहसा एक बाइट, फोरट्रानच्या नेहमीच्या लॉजिकलचा चार. जीफोरट्रान खऱ्यासाठी 1 ठेवतो, इंटेलचा फोरट्रान कंपायलर परंपरेने उणे 1. तेव्हा 'खरं' छापलं का एवढं पाहून भागत नाही, कोणत्या कंपायलरने काय ठेवलं होतं तेही पाहावं लागतं.

पाऊल टाकताना

किमती दाखवणं निदान स्थिर असतं, प्रोग्रॅम थांबलेला असतो. 'आत जा' म्हणून पाऊल टाकायला सांगितलं की डिबगरचा कस लागतो. सी++मधून दुसऱ्या लायब्ररीतल्या फंक्शनला मारलेली हाक थेट तिथे पोचत नाही. मधे काही छोट्या उड्या असतात आणि पहिल्यांदा हाक मारली तर पत्ता शोधणारा लोडरही मधे येऊ शकतो. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये जवळजवळ प्रत्येक हाक 'ओबीजेसी-मेसेज-सेंड' या एकाच फंक्शनमधून जाते. प्रोग्रॅमरला यातलं काही दिसायला नको, त्याला पलीकडच्या मेथडची पहिली ओळ हवी. म्हणून चाचणी एकाच ठिकाणी दोनदा पाऊल टाकून पाहते: पहिल्या हाकेला आणि दुसऱ्या हाकेला. पहिल्या वेळी चुकणारे आणि दुसऱ्या वेळी बरोबर जाणारे डिबगर दुर्मीळ नाहीत.

अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे अडचण आल्याची वर पाठवलेली सूचना) फेकले गेले की गुंता वाढतो. सी++मध्ये फेकलेला अपवाद मधल्या सीच्या फ्रेम ओलांडून वर जाऊ शकतो. रस्टमध्ये 2024 च्या 1.81 आवृत्तीपासून साध्या सी-हाकेच्या सीमेवर न पकडलेला पॅनिक (रस्टमधली अशीच अडचणीची सूचना) आला की प्रोग्रॅम तिथेच बंद केला जातो. ओलांडू द्यायचा असेल तर 'सी-अनवाइंड' अशी वेगळी खूण करावी लागते. दोन्ही खुणांचं एकेक फंक्शन घेऊन, पॅनिकच्या वेळी डिबगर नेमका कुठे थांबतो ते पाहायचं.

जिथे स्टॅकच दोन असतात

आतापर्यंतच्या भाषा कंपाइल होऊन एकाच स्टॅकवर नांदणाऱ्या होत्या. पायथन आणि जावाची गोष्ट वेगळी. पायथनचा प्रोग्रॅम जीडीबीखाली चालवला तर दिसतो तो पायथन चालवणाऱ्या सी प्रोग्रॅमचा स्टॅक. तुमच्या फंक्शनांचा मागमूस नाही. यासाठी सीपायथनसोबतच (सीमध्ये लिहिलेलं नेहमीचं पायथन) जीडीबीची एक जोडफाइल येते आणि 'पीवाय-बीटी' अशी आज्ञा मिळते. ती सीच्या रचनांमधून पायथनच्या फ्रेम उकरून काढते. यातला शहाणपणा असा की ती चालत्या प्रोग्रॅममधलं एकही फंक्शन चालवत नाही, फक्त मेमरी वाचते. त्यामुळे कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या कोअर फाइलवरही (त्या क्षणीच्या मेमरीची साठवलेली प्रत) ती चालू शकते. हीच गोष्ट चाचणीत धरायची: तोच प्रश्न जिवंत प्रोग्रॅमला आणि त्याच क्षणाच्या कोअर फाइलला विचारायचा, उत्तरं जुळलीच पाहिजेत.

आता पाहा, अशी जोडफाइल किती नाजूक असते. पायथन 3.11 च्या आधी पायथनच्या फंक्शनने पायथनच्याच फंक्शनला हाक मारली की सीच्या स्टॅकवरही एक नवी फ्रेम चढायची. 3.11 मध्ये वेग वाढवण्यासाठी हे बदललं. आता सीच्या एका फ्रेमच्या पोटात पायथनच्या अनेक फ्रेम असू शकतात. 'सीची एक, पायथनची एक' असं गृहीत धरणारं प्रत्येक साधन त्या दिवशी चुकीचं ठरलं. त्यामुळे चाचणीतली शिडी अशी हवी: पायथन, पायथन, पायथन, मग सी, मग पुन्हा पायथन. मधे एकही सलग जोडी नसेल तर हा दोष सापडणारच नाही.

जावाचा त्रास आणखी निराळा. हॉटस्पॉट हे जावाचे प्रोग्रॅम चालवणारं व्हर्च्युअल मशीन रिकाम्या, म्हणजे कशाकडेच न रोखलेल्या, संदर्भाची तपासणी बऱ्याचदा आधी करतच नाही. बेधडक वाचतं, चुकलं तर ऑपरेटिंग सिस्टिम 'सेगमेंटेशन फॉल्ट' हा सिग्नल, म्हणजे हक्क नसलेली मेमरी वाचल्याची सूचना, पाठवते आणि त्याचं रूपांतर जावाच्या अपवादात होतं. जीडीबीला मात्र प्रत्येक फॉल्ट म्हणजे संकट वाटतं आणि तो थांबतो. लोक मग त्याला हा सिग्नल न थांबता पुढे पाठवायला सांगतात. आता जावाने बोलावलेल्या सी कोडमध्ये खराखुरा फॉल्ट आला तर? तोही न थांबता निघून जातो आणि थेट व्हर्च्युअल मशीन अहवाल लिहून प्रोग्रॅम बंद करतं तेव्हाच कळतं. चाचणीत दोन्ही फॉल्ट हवेत, एक निरुपद्रवी, एक खरा.

जावाचा डिबगर आणि सीचा डिबगर दोन्ही एकदम जोडले की झालं, असंही वाटू शकतं. अँड्रॉइड स्टुडिओतला 'ड्युअल' प्रकार हेच करतो. अडचण अशी की जावाच्या डिबगरशी बोलणारा मदतनीस त्याच प्रोसेसच्या आत राहतो. सीच्या डिबगरने प्रोसेस गोठवली की तो मदतनीसही गोठतो आणि जावाच्या डिबगरला उत्तर मिळत नाही. 2009 मध्ये संशोधकांनी 'ब्लिंक' नावाचा डिबगर मांडला, तो जावाचा जेडीबी आणि सीचा जीडीबी या तयार डिबगरांना एकत्र बांधून जावा आणि सीचा मिळून एकच स्टॅक दाखवायचा. अशा जोडडिबगरची पहिली चाचणी मी तरी हीच घेईन: सीमध्ये थांबव, आणि जावाच्या बाजूचं व्हेरिएबल विचार. उत्तर, नीट सांगितलेली अडचण, किंवा अनंतकाळ वाट पाहणं, यातलं काय मिळतं?

बरोबर उत्तर कोणाला माहीत?

चाचणी म्हटली की अपेक्षित उत्तर लागतं. हाताने लिहिलेली उत्तरं छोट्या शिडीपुरती ठीक. पुढे तीन युक्त्या कामी येतात. एक, प्रोग्रॅमलाच बोलतं करायचं: ब्रेकपॉइंटच्या आधीच्या ओळीत त्याने स्वतः सगळ्या किमती छापायच्या, आणि डिबगरचं उत्तर त्याच्याशी ताडून पाहायचं. दुसरी, जीडीबी आणि एलएलडीबी या दुसऱ्या डिबगरला एकच प्रोग्रॅम देऊन फरक शोधायचा. तिसरी मला सर्वांत आवडते, कारण तिला बरोबर उत्तर माहीत असायचीच गरज नसते. एका ओळीवर थेट ब्रेकपॉइंट लावून पोचा, आणि दुसऱ्यांदा पावलं टाकत तिथेच पोचा. दोन्ही वेळा स्टॅक आणि किमती सारख्याच हव्यात. किंवा तीन फ्रेम वर जा, तीन खाली या, आणि पुन्हा तेच विचारा. उत्तर बदललं तर डिबगर नक्कीच चुकलाय, खरं उत्तर काहीही असो.

फरक सापडला की दोष कोणाचा हे ठरवायचं काम उरतं. ड्वार्फ नोंदी 'रीडएल्फ' किंवा 'एलएलव्हीएम-ड्वार्फडंप'ने उघडून पाहायच्या. नोंदच चुकीची असेल तर कंपायलर दोषी, नोंद बरोबर आणि वाचन चुकलं असेल तर डिबगर. ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेगासाठी कंपायलरने केलेली कोडची फेरमांडणी, चालू केलं की हा निवाडा किचकट होतो. रस्टचा कंपायलर आणि सीचा क्लँग कंपायलर दोघेही एलएलव्हीएम या एकाच पायावर उभे असल्यामुळे तुकडे जोडताना (लिंक करताना) सीचं छोटं फंक्शन रस्टच्या फंक्शनमध्ये विरघळून जाऊ शकतं. स्टॅकवर जागा एकच, पण तिच्यात दोन भाषा! डिबगरने तिथे दोन फ्रेम दाखवायच्या, आणि आतल्या फ्रेमची भाषा सी धरायची. त्यासाठी ती जागा ज्या फाइलमध्ये आहे तिची नोंद पाहून चालत नाही, विरघळलेलं फंक्शन मुळात जिथून आलं तिची पाहावी लागते.

सगळ्या जोड्या तपासायच्या म्हटल्या तर हिशेब हाताबाहेर जातो. पाच भाषा घेतल्या तरी दिशेसह वीस सांधे होतात; दोन कंपायलर आणि ऑप्टिमायझेशनचे तीन स्तर धरले की एकशे वीस. लोक खरोखर वापरतात ते सांधे आधी घ्यावेत हे बरं: पायथन आणि सी, फोरट्रान आणि सी++, जावा आणि सी, रस्ट आणि सी.

शेवटी निकालाच्या कागदाबद्दल. जीडीबीचा चाचणीसंच डेजाग्नू या चौकटीवर चालतो आणि त्यात पास-नापासखेरीज 'आधीच माहीत असलेला दोष', 'इथे सोय नाही', 'चाचणी झालीच नाही' असेही निकाल असतात. मशीनवर फोरट्रान कंपायलर नसेल तर फोरट्रान लागणाऱ्या चाचण्या नापास होत नाहीत, नुसत्या वगळल्या जातात. मिश्र भाषांच्या चाचणीला तर दोन-तीन कंपायलर एकदम लागतात, त्यामुळे वगळलं जाण्यात तिचा नंबर पहिला. नापासांच्या रकान्यात शून्य दिसलं तरी वगळलेल्यांचा आकडा पाहिल्याशिवाय सांध्यांची तपासणी झाली असं कोणी म्हणू नये.